ओबामांची शिफारस आपल्याला नको

ओबामांनी २०१७ मध्ये फ्रान्सच्या मॅक्राँना, २०१९ मध्ये कॅनडाच्या ट्रुडोंना पाठिंबा दिला. 'माजीच आहेत, बोलू द्या,' असं आपलेच दोस्त म्हणतात. मग ह्यूस्टनच्या 'अब की बार ट्रम्प सरकार'वर का चिडलो? (मोदी तर पदावर होते, ते आणखी वाईट.) पद गेलं तरी मागे देशाचं वजन राहतंच. हक्कांवर जरूर बोला, उमेदवाराचं नाव घेऊ नका.

गडचिरोलीत नक्षलवाद्यांचा बहिष्काराचा हुकूम झुगारून लोक जंगलातून चालत मतदानाला गेले आहेत. त्यांना कुणाच्या शिफारशीची गरज नाही. २०१९ मध्येच तृणमूलच्या प्रचारात दिसलेला बांगलादेशी नट फिरदौस अहमद व्हिसा रद्द होऊन परत गेला. उद्या चंद्रपूरच्या उमेदवारासाठी एखादा परदेशी माजी पंतप्रधान बोलला, तर त्याचं काही बिघडणार नाही. जाब मात्र इथल्या मुसलमान मतदाराला विचारतील.