चित्रांचीं पुस्तकें कशाला?

गतवर्षीं शाळेच्या ग्रंथालयासाठीं यादी करितांना मीं तींत दत्तात्रय गणेश गोडसे यांचीं तीन पुस्तकें घातलीं. ती यादी पाहून एका पालकांनीं विचारिलें, “सर, परीक्षेस यांचा काय उपयोग?” प्रश्न सरळ होता, मला मात्र त्या वेळीं सरळ उत्तर देतां आलें नाहीं. तें येथें देण्याचा यत्न करितों.

गोडसे (१९१४–१९९२) खानदेशचे. त्यांनीं जाहिरातींचें काम केलें, पुस्तकांना मुखपृष्ठें दिलीं, नाटकांचें नेपथ्य उभें केलें, आणि त्याच हातानें लेखणीही धरिली. त्यामुळें त्यांच्या लेखनांत विषयांचा पंक्तिभेद नाहीं. ‘मस्तानी’मध्यें ते दंतकथांच्या धुक्यांतून एका ऐतिहासिक स्त्रीचा माग काढितात, तर ‘नांगी असलेलें फुलपाखरूं’ हें पुस्तक व्हिस्लर ह्या चित्रकाराविषयीं आहे. हा गृहस्थ चित्रावर सहीऐवजीं नांगीचें फुलपाखरूं काढी. रस्किनसारख्या थोर टीकाकारानें १८७७ सालीं त्याच्या चित्राची निर्भर्त्सना केली, तेव्हां त्यानें फिर्याद लाविली. खटला जिंकला, भरपाई मिळाली अवघी एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी! आणि खर्चानें बिचाऱ्याचें दिवाळें निघालें.

‘पोत’ (१९६३) हा त्यांचा सर्वांत वजनदार ग्रंथ. वस्त्राला जसा पोत असतो तसा भूमीलाही असतो, आणि तेथील शिल्पांत, चित्रांत, काव्यांत तोच उमटतो, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. हा विचार मला पुरता पटत नाहीं. देशावरचा कातळ काळा आणि कठीण. आमचा जांभा तांबडा, सच्छिद्र, खाणींतून काढितांना मऊ व वाऱ्यावर कठीण होणारा. त्याचा पोत कोणत्या कलेंत शोधावा? पिंगुळीच्या ठाकरांच्या चित्रकथींत? (पिंगुळी १९८१ पर्यंत आपल्याच जिल्ह्यांत होती.) पोथींतील एकेक चित्र पुढें धरून कथा गाणाऱ्या त्या कलावंतांच्या रेषेंत मला जांभा दिसत नाहीं, दक्षिणेकडील चामड्याच्या बाहुल्यांचें वळण दिसतें. असो. ज्या पुस्तकाशीं भांडावेसें वाटतें तें पुस्तक वायां गेलें नाहीं.

ह्याच पुस्तकानें मला स्वतःच्या घरच्या भिंतीकडे पाहावयास लाविलें. लहानपणीं आमच्या घरीं प्रभु येशूचें एक चित्र होतें : सोनेरी केस, निळे डोळे. त्यासमोर बसून मीं वर्षानुवर्षें प्रार्थना केली. पण तें कोठून आलें, कोणीं काढिलें, हें कधीं विचारिलें नाहीं. गोमंतकाचे आंजेलो दा फोन्सेका (१९०२–१९६७) शांतिनिकेतनांत शिकले आणि त्यांनीं पवित्र मरीयेस लुगडें नेसविलें. गोव्यांतील कित्येक धर्मबांधव त्यांवर रागावले. शेवटीं ते पुण्यास येऊन राहिले. नासरेथच्या त्या यहूदी कन्येस युरोपचा झगा तरी कोठें आपला होता? ज्यांना निळे डोळे खटकले नाहींत, त्यांना लुगडेंच कां खटकावें? हा प्रश्न मला चाळिशीपर्यंत पडला नाहीं, याची लाज वाटते.

आतां त्या पालकांकडे येतों. त्यांच्या दुकानांत रघुवीर मुळगांवकरांच्या (१९१८–१९७६) लक्ष्मीचें जुनें कॅलेंडर चौकटींत घालून टांगलेलें आहे. तिला ते रोज उदबत्ती लावितात. चित्राचा उपयोग त्यांना ठाऊक नाहीं असें कोण म्हणेल? तें कोणीं काढिलें, हें मात्र मीं सांगेपर्यंत त्यांना ठाऊक नव्हतें. कोपऱ्यांतली सही त्यांनीं चष्मा लावून वाचिली, आणि बराच वेळ ते तेथेंच उभे राहिले.

पुस्तकें आतां ग्रंथालयाच्या दुसऱ्या कपाटांत आहेत. ‘पोत’ आजवर दोघांनीं नेलें; एकानें चौथ्या दिवशीं परत आणून “सर, फार अवघड आहे” असें सांगितलें. अवघड आहे खरें. त्यानें आधीं फुलपाखराचें न्यावें.