‘देव शिक्षा करेल’ हे आपल्या घरात आणलं कुणी?



आमच्या पाठशाळेतल्या काही आया माझ्यावर रुसल्या आहेत. कारण एवढंच की तेरा ते सतरा वर्षांच्या मुलींना मी विचारलं, “लोक धार्मिक का असतात?” आणि मुलींनी खरी उत्तरं दिली.

इथल्या मुली म्हणाल्या, भीतीपोटी. घरचे करतात म्हणून. मार्क चांगले पडावेत म्हणून. एकीने सरळ सांगितलं, “नाही केलं तर देव शिक्षा करतो.” सुट्टीला आजोळी आलेली न्यू जर्सीची मुलगी म्हणाली, मन शांत राहतं आणि आपल्यासारखी माणसं भेटतात. तिथे तिच्या चर्चला जाणाऱ्या मैत्रिणीही असंच सांगतात म्हणे. दुबईत वाढलेली एक होती. ती म्हणाली, “माझ्या वर्गातल्या मुली रोजे धरतात, का विचारलं तर म्हणतात अल्लाहची आज्ञा आहे. माझ्या उपवासाचं विचारलं तर मला काही सांगताच येत नाही.”

यावर आयांचं म्हणणं असं की मोबाईलने मुली बिघडल्या, असले प्रश्न विचारून त्यांची श्रद्धा ढळते.

मला हे अजिबात मान्य नाही. मुलींनी आपल्या घरात जे पाहिलं तेच सांगितलं. शिवाय यात नवीन काय आहे? समंतभद्र आचार्यांचा रत्नकरंड श्रावकाचार उघडा. देव, गुरू आणि लोक या तीन मूढता तिथे सांगितल्या आहेत. नदी-समुद्रात स्नान केलं की धर्म झाला, दगड-वाळूचे ढीग रचले की धर्म झाला, असं मानणं ही लोकमूढता. काहीतरी पदरात पडावं या आशेने रागी-द्वेषी देवांना पूजणं ही देवमूढता. पुढे तर भय, आशा, स्नेह आणि लोभ अशी चार नावं घेऊन बजावलंय की यांपोटी कुदेवांपुढे, कुगुरूंपुढे वाकू नका. आता मुलींची उत्तरं पुन्हा वाचा. भीती म्हणजे भय, मार्क म्हणजे आशा, घरचे म्हणजे स्नेह. आचार्यांनी जे हेरलं तेच या पोरींनी हेरलं, आणि आपण त्यांना उद्धट म्हणतो! (पद्मावतीच्या ओटीचा विषय आज काढत नाही, ते भांडण वेगळं आहे.)

आता त्या शिक्षेचं. आपला जिनेश्वर वीतराग आहे. तो कुणावर प्रसन्न होत नाही, कुणावर रागावत नाही. त्याने जग निर्माण केलं नाही, ते चालवतही नाही. केवलज्ञानात सगळं दिसतं, पण पाहणारा छडी घेऊन उभा नसतो. आपल्या कर्माचं फळ आपणच भोगायचं, ही आपल्या धर्माची पहिली पायरी. तरी दूध सांडलं की “देव बघतोय हं” आणि मंदिरात जायला कंटाळा केला की “देव कोपेल”. मुलीला मुकाट बसवायला हे सोपं पडतं. पण असं बोलून आपण वीतरागाला फौजदार करून ठेवतो, आणि मग मुलीने भीती म्हटलं की आपल्यालाच राग येतो.

काही जणी भीती सोडून विज्ञानाकडे वळल्या आहेत. सूर्यास्तापूर्वी जेवा, पचन सुधारतं. पाणी गाळा, उकळा, जंतू मरतात. (जंतू मारायला म्हणून आपण पाणी गाळतो? गाळल्यावर जिवाणी परत पाण्यात सोडायची असते ती कशासाठी?) पचनासाठीच असेल तर मुलगी उद्या म्हणेल, माझं पचन ठणठणीत आहे, मी नऊ वाजता जेवते. मग काय सांगणार? दिव्यावर येणाऱ्या जिवांचं खरं कारण सांगा ना. “आता ट्यूबलाइट आहे” म्हणाली तर श्रावणातल्या रात्री तिला ट्यूबलाइटखाली घेऊन जा. वादच उरणार नाही.

अमेरिकेत ख्रिश्चन स्मिथ आणि मेलिंडा डेंटन यांनी ३००० हून अधिक किशोरवयीन मुलामुलींचा अभ्यास करून २००५ मध्ये पुस्तक काढलं. बरीच मुलं आईवडिलांचाच धर्म पाळत होती, बंडखोर वगैरे नव्हती. धर्म कशासाठी, तर चांगलं वागावं आणि बरं वाटावं, एवढंच त्यांना सांगता येत होतं. दारू, ड्रग्ज अशा ज्या विषयांवर मोठ्यांनी त्यांच्याशी बोलून ठेवलं होतं त्यांवर मात्र हीच मुलं नीट बोलत होती. आपल्याकडेही तेच. नीटचा अख्खा अभ्यासक्रम मुलगी समजावून सांगते. णमोकार दोन वर्षांची असल्यापासून म्हणते, पण पाच परमेष्ठींना नमस्कार करताना त्यात कुणा एकाचंही नाव नाही आणि काही मागणंही नाही, हे सोळाव्या वर्षी ऐकून तिचे डोळे मोठे होतात. कारण घरात कुणी बोललंच नाही. आपण पाठांतर घेतलं आणि बक्षिसाचा डबा दिला.

प्रश्न विचारल्याने श्रद्धा ढळते म्हणणाऱ्यांना माझं एक विचारणं आहे. गौतम गणधर महावीरांकडे आले ते वाद घालायलाच ना? शंका घेऊन आलेला माणूस पहिला गणधर झाला. त्याला कुणी “गप्प बस” म्हटलं नव्हतं.

या दशलक्षणात दुपारी तीन वाजता मी मोठ्या मुलींबरोबर रत्नकरंड वाचायला बसणार आहे, तीन मूढतांपासून सुरुवात. आयांनाही बसता येईल, फक्त आधी मुली बोलतील.