उंदराला ऐकू आले, माणसाचे काय?

मोठ्या आवाजाने गेलेले ऐकणे औषधाने परत येणार, अशी बातमी अधूनमधून झळकते. तिच्यात कुठेतरी खाली लिहिलेले असते की प्रयोग उंदरांवर झाला. वाचकांच्या नजरेतून नेमके तेच निसटते.

आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी वळलेली नळी असते. तिच्यात ध्वनी टिपणाऱ्या सुमारे १५ हजार केशपेशी असतात. दणदणाटाने त्या मेल्या, तर पक्ष्यांमध्ये नव्याने येतात, माणसात येत नाहीत. पोटातून घेतलेली बरीच औषधे या नळीपर्यंत पुरेशी पोहोचत नाहीत. म्हणून कानाच्या पडद्यातून सुई घालून मध्यकर्णात औषध सोडायचे आणि तिथून ते एका पातळ पडद्यातून आत झिरपू द्यायचे, असा मार्ग संशोधकांनी धरला. बाकीच्या शरीराला त्याचा त्रास कमी होतो, हा त्याचा फायदा.

२०१३ मध्ये आवाजाने बहिऱ्या झालेल्या उंदरांच्या कानात असे औषध सोडल्यावर काही केशपेशी नव्याने तयार झाल्या आणि ऐकणे थोडे सुधारले. पुढे त्याच गटातील औषध युरोपात माणसांना देऊन पाहिले. अपेक्षित सुधारणा सिद्ध झाली नाही. एफएक्स-३२२ हे दुसरे औषधही प्राण्यांमध्ये आशादायक होते. २०२३ मध्ये माणसांवरील चाचणीत ते अपयशी ठरले.

असे का होते? उंदराची ही नळी जेमतेम ६ मिलिमीटर लांब, माणसाची ३० मिलिमीटरहून जास्त. औषध एका टोकाने शिरते, तिथे उंच पट्टीचे आवाज टिपले जातात. बोलण्यातले बरेचसे आवाज टिपणारा भाग आणखी आत असतो. माणसातला तो झिरपण्याचा पडदाही कितीतरी जाड. शिवाय अनेक प्रयोगांत औषध आवाजानंतर काही तासांत किंवा दिवसांत दिले जाते. रुग्ण मात्र डॉक्टरकडे येतो तो वर्षांनंतर.

म्हणून प्राण्यांवरील चाचण्या बंद करणे हा उपाय नाही. सुरक्षितता आणि मात्रा यांचा पहिला अंदाज त्यातूनच येतो. पण त्या रुग्णाच्या परिस्थितीशी जुळायला हव्यात. उंदरापेक्षा मोठा कान असलेल्या गिनिपिगवर प्रयोग व्हावेत, औषध काही महिने उशिरा देऊन पाहावे आणि ते नळीच्या आतल्या टोकापर्यंत किती पोहोचले, हे मोजावे. केवळ नेहमीच्या श्रवणचाचणीवरही विसंबू नये. २००९ च्या प्रयोगात उंदरांची ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली, तरी आवाजाची सर्वाधिक झळ बसलेल्या भागात केशपेशी आणि मज्जातंतू यांच्यातले निम्म्यापर्यंत जोड कायमचे तुटले होते.

असे निकष लावले, तर खोट्या आशेवर खर्च होणारी वर्षे वाचतील. तोवर ढोल-ताशाच्या पथकात वाजवणाऱ्याने कापसाच्या बोळ्यावर न विसंबता चांगले इअरप्लग वापरावेत. जे ऐकणे शाबूत आहे, ते राखणे आज आपल्या हातात आहे.