रणगाडा राहू दे, खिडकी उघडा



साखर, बीपी, थायरॉइड यांवर मी इथं नेहमी लिहितो. आज लिहिणार आहे प्लास्टिकच्या रणगाड्यावर. हसू नका. या गोष्टीत एक चूक माझी आहे आणि ती सांगितली तर तुमच्या घरातल्या कुणाचा तरी फायदा होईल, असं मला वाटतं.

गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ डोकेदुखी घेऊन आले. वय पासष्टच्या आसपास, सैन्यातून निवृत्त, ओरोसजवळच्याच एका गावात राहणारे. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) डोकं रात्री दुखायचं, मळमळायचं, डोळे चुरचुरायचे. बीपी थोडं वाढलेलं होतं. मी गोळी बदलली. पंधरा दिवसांनी तीच तक्रार. मानेचा एक्स-रे काढला. त्या वयात असते तेवढी झीज होती. मानेचे व्यायाम लिहून दिले. तिसऱ्या वेळी त्यांच्यासोबत वहिनी आल्या आणि त्यांनी एका वाक्यात निदान केलं.

"तुम्हीच सांगा ह्यांका, ता सगळा भायर टाकूक. रात्री एक-एक वाजेपर्यंत त्या थिनरच्या वासात बसतत."

तोपर्यंत मी एक साधा प्रश्न विचारलाच नव्हता: दिवसभर काय करता? निवृत्त माणूस म्हणजे पेपर वाचतो आणि झोपतो, हे मी गृहीत धरलं होतं. ही माझी पहिली चूक. दुसरी त्याहून मोठी. मी म्हणालो, "बंद करा हे. या वयात कशाला हवेत हे उद्योग?" त्यांनी ऐकलं. शिस्तीचा माणूस. सामान खोक्यात भरून माळ्यावर टाकलं. आठ दिवसांत डोकेदुखी गेली आणि मी माझ्यावर खूश झालो.

दिवाळीनंतर ते बीपीच्या गोळ्या घ्यायला आले तेव्हा वजन चार किलोंनी उतरलं होतं. झोप तुटक. विचारलेल्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर. वहिनी म्हणाल्या, "डोकेदुखी गेली, पण माणूस गप झालो."

नेमकं काय करत होते ते?

मुलाने त्यांना एक किट पाठवलं होतं. प्लास्टिकचे शेकडो सुटे भाग कापायचे, कानसायचे, चिकटवायचे आणि रणगाडा उभा करायचा. प्रमाण एकास पस्तीस. म्हणजे पावणेसहा फुटांचा जवान इथे जेमतेम पाच सेंटिमीटरचा होतो आणि त्याचे डोळे रंगवायला ब्रशचे दोन-तीनच केस पुरतात. रणगाडा झाला की त्याच्याभोवती जमीन, झुडपं, माणसं मांडून एक प्रसंग उभा करायचा. याला डायोरामा म्हणतात. नाव परकं आहे, गोष्ट नाही. दिवाळीत मुलं माती-दगडांचा किल्ला करून त्यावर मावळे ठेवतात, तोही डायोरामाच.

खरी कसोटी असते रणगाडा 'जुना' करण्यात. कोरा चकचकीत रणगाडा खोटा दिसतो. म्हणून सांध्यासांध्यांत पातळ काळपट रंग सोडायचा, कडांवर स्पंजने रंग उडाल्यासारखे ठिपके द्यायचे, गंजाचे ओघळ काढायचे, वर धुळीची भुकटी. पट्ट्यांचा जो भाग जमिनीला घासतो तो चकाकतो आणि बाकीचा तांबूस गंजतो, एवढं पाहावं लागतं.

ते करत होते १६ डिसेंबर १९७१ चा प्रसंग. बसंतरची लढाई, शकरगड भाग. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, जन्म पुण्याचा, रेजिमेंट १७ पूना हॉर्स, वय २१. त्या दिवशी ते धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. त्यांच्या सेंच्युरियन रणगाड्याचं नाव 'फामागुस्ता'. तो आजही अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, आर्मर्ड कोअरच्या केंद्रात जपून ठेवला आहे. त्याच शहरात १९९४ साली सुरू झालेलं रणगाड्यांचं संग्रहालयही आहे. शाळेच्या सहली तिथं जातात. तुम्ही गेला नसाल तर जरूर जा.

आमचे हे गृहस्थ सैन्यात रणगाडेच दुरुस्त करायचे. मी त्यांना सहज विचारलं, "मातीसाठी अंगणातली माती चाळून घेता का?" तेव्हा ते महिन्यांनंतर पहिल्यांदा सलग बोलले. म्हणाले, "आपली जांभ्याची लाल माती तिथं चालणा नाय, डॉक्टरांनू. तिकडची धूळ फिकट. लाल माती लावली तर तो रणगाडा कुडाळात लढलो असा वाटतला." मी हसलो. तेही हसले. आणि मला कळलं की मी त्यांच्या डोकेदुखीबरोबर आणखी काय काढून घेतलं होतं.

डोकं का दुखत होतं?

प्लास्टिक चिकटवायचं सिमेंट, स्प्रेचा रंग, लॅकर थिनर यांत ॲसिटोन, ब्युटाइल ॲसिटेट, काहींत टोल्यूइन किंवा झायलीन अशी द्रावणं असतात. ती खोलीच्या तापमानालाच उडतात, श्वासातून रक्तात जातात आणि मेंदूपर्यंत पोचतात. डोकं जड होणं, गरगरणं, मळमळ, डोळे-घसा चुरचुरणं ही सुरुवात. मोठ्या प्रमाणात वर्षानुवर्षं संबंध आला तर मज्जासंस्थेला इजा होऊ शकते.

यात आपल्या हवामानाचा मोठा हात आहे. दमट हवेत लॅकर रंग फवारला की द्रावण उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर हवेतलं बाष्प धरतं आणि रंगावर पांढुरका थर येतो. तो येऊ नये म्हणून माणूस खिडक्या लावतो, बल्ब पेटवतो आणि त्याच बंद खोलीत तासन्‌तास बसतो. जुलै-ऑगस्टमध्ये सिंधुदुर्गातली प्रत्येक खोली अशीच बंद असते.

हे काम करणारे ते एकटे नाहीत. श्रावणात गावोगावच्या गणपतीच्या शाळांमध्ये हेच चाललेलं असतं: कॉम्प्रेसर, स्प्रे गन, ताडपत्री लावून बंद केलेली पडवी आणि डोळ्यांत तेल घालून रात्र-रात्र काम करणारे मूर्तिकार. त्यांच्यासाठीही हा लेख तितकाच आहे.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. आपलं नाक वासाला लवकर सरावतं. अर्ध्या तासाने वास येईनासा झाला म्हणजे वाफ गेली असं नव्हे. आणि जो त्रास कामाला बसल्यावर सुरू होतो, मोकळ्या हवेत गेल्यावर कमी होतो, त्याचं कारण बहुतेक वेळा त्या टेबलावरच असतं.

माझं आताचं मत

छंद बंद करू नका, त्याची पद्धत बदला.

'बंद करा' हे डॉक्टरचं सर्वांत स्वस्त औषध आहे. लिहायला वेळ लागत नाही आणि दुष्परिणाम दुसऱ्याच्या घरात दिसतात. सिगारेट, तंबाखू, दारू यांना मी ते आजही बिनदिक्कत सांगतो. पण ज्या कामात माणसाचं मन रमतं, त्याला ते सांगण्यापूर्वी दहा मिनिटं घालवून नेमका त्रास कशातून होतो ते शोधायला हवं.

२०२३ साली 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात १६ देशांतल्या ६५ वर्षांवरील ९३ हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास आला. छंद असणाऱ्यांमध्ये नैराश्याची लक्षणं कमी आणि आयुष्याविषयीचं समाधान जास्त आढळलं. आता, आनंदी माणसंच छंद जास्त जोपासत असतील, हाही मुद्दा आहेच. असा अभ्यास संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही. 'मॉडेल बनवा म्हणजे स्मृतिभ्रंश होणार नाही' असं मी कुणाला सांगणार नाही. पण उद्या सकाळी उठून करायचं काहीतरी आहे, ही भावना निवृत्त माणसाला किती लागते, ते मी रोज पाहतो.

मग काय बदलायचं?

१. हवा. एक खिडकी उघडून भागत नाही. हवा एकीकडून आत आणि दुसरीकडून बाहेर जायला हवी. छताचा पंखा वाफ फक्त खोलीत फिरवतो. टेबल खिडकीपाशी घ्या आणि टेबलफॅन पाठीमागून, खिडकीच्या दिशेने लावा. बाटलीचं झाकण काम नसेल तेव्हा बंद. ज्या खोलीत फवारलं त्या खोलीत झोपू नका.

२. ऋतू पाहून काम. पावसाळ्यात कापणं, जोडणं, पाण्यात मिसळणारे रंग ब्रशने लावणं एवढंच करा. स्प्रेचं काम ऑक्टोबरनंतर, पडवीत किंवा खळ्यात. शेतीला ऋतू असतो, तसा याही कामाला असू द्या.

३. मास्क. कोविडमध्ये घेतलेला एन-९५ धूळ आणि रंगाचे कण अडवतो, थिनरची वाफ अडवत नाही. वाफेसाठी कार्बनचे फिल्टर असलेला, रंगारी वापरतात तो मास्क लागतो, आणि फिल्टर वेळोवेळी बदलावे लागतात. भुकटी लावताना किंवा सुकं घासताना मात्र एन-९५ उपयोगी आहे. त्याहून बरं म्हणजे पाणी लावून घासणं.

४. आग. थिनरची वाफ पेट घेते. त्या खोलीत निरांजन, उदबत्ती, डासांची कॉइल, सिगारेट नको. सुकवायला उघडा तापलेला बल्ब जवळ नको.

५. सुपर ग्लू. तो सुती कपड्यावर किंवा कापसावर सांडला तर एकदम तापतो आणि भाजतं. कापसाने पुसायला जाऊ नका. बोटं चिकटली तर कोमट साबणपाण्यात बुडवून हळूहळू सोडवा, ओढू नका. डोळ्यात गेला तर पापण्या जबरदस्तीने उघडू नका, कोमट पाण्याने धुवा आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. डोळ्याजवळ थिनर किंवा ॲसिटोन अजिबात नाही.

६. पातं. बोथट पातं जास्त जोर मागतं आणि निसटतं, वेळेवर बदला. धार नेहमी स्वतःपासून दूर. मधुमेह असेल तर छोटी जखमही रोज पाहा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जखम जास्त वेळ दाबून धरा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते आठवत नसेल तर विचारायला या.

७. डोळे आणि मान. चाळिशीचा चष्मा बनवताना 'मी इतक्या अंतरावर काम करतो' हे हाताने दाखवून सांगा. बायफोकलमधून बघायला माणूस मान मागे टाकतो आणि मग मान धरते. मॉडेल उंचावर ठेवा, उजेड भरपूर घ्या आणि अर्ध्या तासाने उठा.

दमा असलेल्यांनी आणि गरोदर महिलांनी थिनर-स्प्रेपासून लांबच राहावं. हार्डनर मिसळायचे दोन भागांचे गाडीचे रंग घरात कुणीच फवारू नयेत. त्यातल्या आयसोसायनेटने दमा जडू शकतो. आणि एखादं मूल थिनर किंवा चिकटवायच्या ट्यूबचा वास मुद्दाम घेताना दिसलं तर तो छंद नव्हे. ओरडू नका, पण त्याच दिवशी डॉक्टरांकडे आणा.

हात थरथरतो?

बारीक कामाचा एक फायदा म्हणजे हाताचा कंप लवकर कळतो. चहा-कॉफी, उपाशी पोट, अपुरी झोप, दम्याचा पंप, वाढलेला थायरॉइड यांनी हात थरथरतो आणि हे बरेचसे सुधारता येतं. ब्रश धरल्यावर, कप उचलल्यावर वाढणारा आणि घरात आणखी कुणाला असलेला कंप बऱ्याचदा इसेन्शिअल ट्रेमर असतो. हात मांडीवर निवांत असताना एकाच बाजूला कंप, अक्षर बारीक होत जाणं, हालचाली मंदावणं असं असेल तर पार्किन्सनची तपासणी हवी. 'वय झालं' म्हणून ब्रश खाली ठेवण्याआधी एकदा दाखवा.

शेवटी

त्या गृहस्थांची साखर, थायरॉइड, रक्त तपासलं. काही सापडलं नाही. उदासी होती, तिच्याबद्दल आम्ही मोकळेपणाने बोललो. खोकं माळ्यावरून खाली आलं आणि टेबल आतल्या खोलीतून पडवीत गेलं. रात्री दहानंतर काम बंद, हा वहिनींचा नियम. पुढच्या खेपेला झोप सुधारली होती, वजन थांबलं होतं. डोकेदुखी पुन्हा झालेली नाही.

प्रत्येकाचं असं छंदावर भागत नाही. दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, जगू नये असे विचार येत असतील तर थांबू नका. डॉक्टरांना भेटा किंवा टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला.

आणि घरातल्यांना एक विनंती. आजोबा रणगाडा करोत, आजी भरतकाम करो, 'या वयात कशाला?' असं म्हणण्याआधी त्या टेबलापाशी जाऊन पाच मिनिटं बसा. त्रास कशाचा होतोय ते बहुधा तिथंच दिसेल. मला ते तीन भेटींत दिसलं नव्हतं. आता मी प्रत्येक निवृत्त पेशंटला बीपीचा पट्टा बांधतानाच विचारतो: दिवसभर काय करता?

काळजी घ्या.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या त्रासासाठी तुमच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.)