मिळवत्या गाडीचा बळी

ज्याची निम्मी सकाळ एस.टी.ची वाट पाहण्यात जाते, त्या कार्यकर्त्याने युरोपातील धनिकांच्या जुन्या मोटारींची चिंता का वाहावी, असा प्रश्न हा मजकूर वाचताना कोणालाही पडेल. प्रश्न रास्त आहे. परंतु वस्तूची किंमत आणि वस्तूचे मोल यांत केवढे अंतर पडू शकते, आणि ते अंतर पडले की चांगली, धडधाकट वस्तूदेखील कशी निव्वळ कच्चा माल ठरते, हे पाहावयाचे असेल तर गेली चार-पाच दशके युरोप-अमेरिकेत चालत आलेल्या एका हौशी उद्योगाइतके स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण.

उद्योग असा आहे. एक जुनी, अस्सल, नामांकित कारखान्याची मोटार घ्यावयाची. तिची मूळ बॉडी उतरवून टाकावयाची. मग तिच्या चॅसिसवर आणि इंजिनावर त्याच कारखान्याच्या, पण कितीतरी अधिक दुर्मिळ आणि विख्यात अशा दुसऱ्या मोटारीसारखी दिसणारी नवी बॉडी चढवावयाची. बाहेर पडते ते त्या विख्यात गाडीचे सोंग, आणि हे सोंग वठविण्यासाठी एक खरी गाडी खर्ची पडलेली असते.

या उद्योगाची सर्वांत ठळक बळी म्हणजे फेरारीची २५० जीटीई. ही मोटार १९६० साली पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली गेली. पुढे दोघे, मागे दोघे अशी चार माणसांची सोय, तीन लिटरचे बारा सिलिंडरांचे इंजिन, आणि ट्युरिनच्या पिनिनफारिना कारखान्यात घडविलेली, डोळ्यांत न भरणारी पण नीटस बॉडी. १९६३ पर्यंत अशा सुमारे साडेनऊशे गाड्या निघाल्या. मोजक्या गिऱ्हाइकांसाठी हातांवर मोजण्याइतक्या गाड्या करणाऱ्या त्या कंपनीच्या दृष्टीने हा आकडा फार मोठा होता. शर्यतींच्या पायी होणारा अफाट खर्च भागविण्यास या विक्रीचा मोठाच आधार झाला. घरातला एक भाऊ नोकरी करून घर चालवितो आणि दुसरा तालमीत नाव कमावितो, त्यातली ही नोकरी करणारी गाडी होती.

नाव कमावणारा भाऊ म्हणजे २५० जीटीओ. १९६२ ते १९६४ या काळात तिचे अवघे छत्तीस नग झाले. इंजिन त्याच घराण्याचे, तेवढ्याच आकाराचे, पण शर्यतीसाठी अधिक ताकदीचे केलेले. बॉडी ॲल्युमिनियमच्या पत्र्याची. मोदेना येथील स्कालियेत्ती यांच्या कर्मशाळेत कारागिरांनी ती तांबटाच्या धीराने ठोकून ठोकून आकाराला आणलेली. तिच्या नावातील शेवटच्या अक्षराचा अर्थ शर्यतीच्या नियमांनुसार 'मान्यताप्राप्त' असा आहे, आणि ही मान्यता कशी मिळाली हे सांगण्यासारखे आहे. नियमाप्रमाणे वर्षभरात शंभर गाड्या बनविणे आवश्यक होते. तेवढ्या काही बनल्या नाहीत. ही नवी मोटार नव्हेच, आखूड चॅसिसच्या जुन्या २५० जीटीलाच नवी बॉडी चढविली आहे, असे कंपनीचे म्हणणे पडले आणि ते मान्य झाले. म्हणजे जिच्या नकला करण्यासाठी आज दुसऱ्या गाड्या कापल्या जातात, ती स्वतःच कागदोपत्री 'बॉडी बदललेली गाडी' म्हणून जन्माला आली!

आता किमतीकडे वळू. टेक्सासमधील व्हिक्टोरिया गावच्या एका हायस्कूलला १९६४ साली अशी एक जीटीओ देणगी म्हणून मिळाली. मुलांनी मोटारदुरुस्ती शिकावी एवढाच हेतू. शाळेने ती १९७२ मध्ये साडेसहा हजार डॉलरला विकली, आणि नंतर ती वर्षानुवर्षे उघड्या रानात पडून होती. २०१८ साली कॅलिफोर्नियातील लिलावात दुसऱ्या एका जीटीओला ४ कोटी ८४ लाख डॉलर मिळाले. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये आणखी एकीने ५ कोटी १७ लाखांचा पल्ला गाठला. मधल्या काळात या गाड्यांवर कोणी नवे श्रम ओतले, त्यांची उपयुक्तता वाढली, असे काहीही घडलेले नाही. दुर्मिळ पुतळे, चित्रे, जुनी नाणी यांचे मूल्य त्यांच्यावरील श्रमाने ठरत नाही, ते केवळ टंचाईने आणि विकत घेऊ इच्छिणाऱ्यांच्या संपत्तीने ठरते, हा अपवाद रिकार्डोने १८१७ सालीच नोंदवून ठेवला होता. छत्तीसचे सदतीस होणे शक्य नाही. श्रीमंतांच्या हाती साचलेला पैसा मात्र वाढत जातो. किमतीचे सारे रहस्य एवढेच आहे.

परंतु अशा किमतीची सावली शेजारच्या वस्तूंवर पडते, आणि खरा अनर्थ तेथे सुरू होतो. जीटीओच्या किमती चढू लागल्या त्या काळात जीटीई ही एक जुनी, पेट्रोल पिणारी, चार माणसांची गाडी म्हणून स्वस्तात मिळत होती. कोणी तिचे इंजिन काढून दुसऱ्या फेरारीत बसवी, कोणी गिअरबॉक्स नेई. मग कारागिरांच्या आणि दलालांच्या ध्यानात आले की हिच्या पोटात आहे ते सारे घराणे जीटीओचेच आहे. फरक आहे तो चाकांमधील अंतराचा. जीटीईच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत २६०० मिलिमीटर अंतर, जीटीओच्या २४००. म्हणजे चॅसिसमधून वीस सेंटिमीटर कापावयाचे, पुन्हा जोडावयाचे, पोलादी बॉडी भंगारात टाकावयाची, आणि वर ॲल्युमिनियमचा नवा अंगरखा चढवावयाचा. गुणी गाडी अधिक कसबी हातांची मजुरी ही बेरीज नकलेच्या विक्रीच्या किमतीपेक्षा कमी भरली की काम झाले. ज्या वीस सेंटिमीटरांत मागे बसणाऱ्या दोघांची सोय होती, तेवढीच नेमकी कापली जाते.

या व्यवहाराच्या समर्थकांचे म्हणणे थट्टेवारी नेण्यासारखे नाही. पहिली गोष्ट, कापल्या गेलेल्या अनेक गाड्या आधीच गंजलेल्या होत्या, काहींना इंजिनच उरले नव्हते, आणि त्या काळच्या भावात त्यांची दुरुस्ती कोणी केली नसती. हे खरे आहे. दुसरी गोष्ट, पत्रा ठोकून आकार देण्याची विद्या अशा कामांमुळे जिवंत राहिली. हेही खरे आहे, आणि त्या कारागिराला दोष देण्याचे कोणालाच कारण नाही. त्याच्या पुढ्यात जी गाडी येते ती कापावी की नाही हे तो ठरवीत नाही. तिसरा मुद्दा तर समाजवाद्याला मोहात पाडणारा आहे. अस्सल छत्तीस गाड्या विम्याच्या आणि पहाऱ्याच्या आड बंद असतात. तो आकार आणि तो आवाज सामान्य प्रेक्षकाच्या वाट्याला यावयाचा तर नकलेशिवाय मार्ग कोणता?

उत्तर असे की नकलेला कोणाची हरकत नाही. देवळातल्या मूर्तीची प्रतिकृती करावी, शेकड्यांनी करावी. पण विठ्ठलाची प्रतिकृती करण्यासाठी शेजारच्या देवळातली जुनी गरुडाची मूर्ती फोडून तिचा दगड वापरावा, हे कोणाला रुचेल? नव्या चॅसिसवर नवी बॉडी चढवून जीटीओसारखी गाडी करता येतेच. मग जुनी गाडी हवी कशाला? या प्रश्नाचे उत्तर दिले की सगळा मुखवटा गळून पडतो. जुनी गाडी हवी असते ती तिच्या नंबरासाठी आणि कागदांसाठी. आज बनविलेली गाडी आजच्या धुराच्या आणि सुरक्षेच्या नियमांत अडकते. उलट १९६१ चा चॅसिस नंबर आणि त्याची नोंदणी हाती असली की गाडी जुनीच ठरते, रस्त्यावर येते, आणि हुडावरील घोड्याचे चिन्हही हक्काचे भासते. ब्रिटनच्या नोंदणी खात्याने कित्येक वर्षे यासाठी गुणांची पद्धत चालविली होती. न बदललेल्या मूळ चॅसिसला पाच गुण, सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगला प्रत्येकी दोन, इंजिनाला एक. आठ गुण भरले की जुना नंबर कायम. स्वतंत्र चॅसिस असलेल्या गाडीच्या बॉडीला गुण किती? शून्य. पिनिनफारिनाच्या कामगारांनी घडविलेले सर्वच्या सर्व नाहीसे झाले तरी त्या हिशोबात काहीच उणे होत नव्हते.

अर्थात बॉडी म्हणजेच सर्वस्व असेही नाही. १९२० च्या दशकात बेंटली कंपनी आपल्या लंडनच्या कारखान्यातून केवळ चॅसिस विकी, आणि गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कारागिराकडून त्यावर बॉडी बांधून घेई. कपडे बदलावेत तशा त्या काळी बॉड्या बदलल्या जात, आणि त्यात लबाडी नव्हती. पण पुढे याच बेंटलींच्या कुटुंबवत्सल बंद बॉड्या उतरवून त्यांना ल मानच्या शर्यतीतील उघड्या गाडीचे रूप देण्याची जी लाट आली, ती सोयीसाठी नव्हती. किमतीसाठी होती. हेतू बदलला की तेच कृत्य निराळे होते.

मालक म्हणेल, गाडी माझी आहे, मी तिचे वाटेल ते करीन. कायदा बहुधा त्याच्या बाजूने आहे. जुन्या वाड्याच्या मालकाला पुरातत्त्व खाते अडविते, मोटारीच्या मालकाला अडविणारे कोणी नाही. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२-१३ मध्ये ट्युरिनच्या नावाने एक सनद तयार केली आणि जुने वाहन हा सांस्कृतिक ठेवा मानून त्याचे मूळ द्रव्य जपावे असे सांगितले. सनद चांगली आहे, पण ती विनंती आहे. उलट कायद्याची धार दिसली ती भलत्याच ठिकाणी. २०१९ साली बोलोन्याच्या न्यायालयाने फेरारीच्या दाव्यावरून जीटीओचा आकार ही कलाकृती असल्याचे मान्य केले आणि तिच्या नकलेला प्रतिबंध केला. आकार कंपनीच्या मालकीचा म्हणून त्याला संरक्षण मिळाले. खुद्द जीटीईला कापणाऱ्या करवतीचा त्या निकालाशी संबंध नव्हता.

या गोष्टीचे एक टोक मुंबईपर्यंत येते. २००८ पासून जग्वार ही टाटांच्या मालकीची कंपनी आहे. फेब्रुवारी १९५७ मध्ये तिच्या कोव्हेंट्रीच्या कारखान्याला आग लागली आणि एक्सकेएसएस या शर्यतीच्या घराण्यातील नऊ गाड्या जळाल्या. २०१६ साली कंपनीने त्या जळालेल्या नऊ गाड्या जणू पुऱ्या करावयाच्या राहिल्या होत्या अशा थाटात नव्याने बांधावयास घेतल्या आणि प्रत्येकीला दहा लाख पौंडांहून अधिक किंमत लावली. मृतांच्या नावावर जन्मदाखले काढण्याचाच हा प्रकार. तरीही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्या नऊ गाड्यांसाठी दहावी कोणतीही जुनी गाडी मोडावी लागली नाही, कामगारांना काम मिळाले, आणि या नव्या आहेत हे विकत घेणाऱ्याला पक्के ठाऊक होते. दोन पापांत हे धाकटे.

आपल्या केंद्र शासनाने २०२१ साली जुन्या वाहनांच्या नोंदणीचे जे नियम केले, त्यांत पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडीच 'व्हिंटेज' म्हणून धरली आहे. चॅसिस, बॉडीचे कवच वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेली गाडी त्यात बसत नाही. नोंदणीचे वीस हजार रुपये भरणाऱ्यांचीच ही सोय आहे, हे उघड आहे. पण बॉडीला शून्य गुण देणाऱ्या त्या ब्रिटिश पद्धतीपेक्षा ही व्याख्या शहाणपणाची आहे. परिवहन कार्यालयातील निरीक्षकाला मूळ कवच कोणते हे ओळखता येईल अशी साधने दिली गेली, तरच तिचा उपयोग.

अलीकडे जीटीई कापण्याचे प्रमाण कमी झाले आहे. कारण सुबुद्धी हे नव्हे. तिलाच आता लक्षावधी डॉलर पडतात, म्हणून ती कापणे परवडत नाही. बाजारानेच मारले आणि बाजारानेच वाचविले, तेही सुरी पुष्कळ फिरून झाल्यावर. अशीच एक जीटीई, काळ्या रंगाची, १९६२ साली रोमच्या पोलिसांना मिळाली होती. हवालदार आर्मांदो स्पाताफोरा तीत बसून रात्रीच्या रस्त्यांवर चोरांचा पाठलाग करीत. टेक्सासच्या शाळेने आपली जीटीओ फुंकून टाकली त्याच १९७२ साली सरकारने ही पोलीसगाडीही लिलावात काढली. ती घेणाऱ्याने तिला जीटीओ केले नाही. छपरावरच्या निळ्या दिव्यासह आणि पिनिनफारिनाच्या बॉडीसह ती अजून धावते.