नाताळला मुलांना जुनी खेळणी द्यावीत का?

डिसेंबर लागला की ओपीडीत सर्दी-खोकल्याच्या जोडीने एक प्रश्नही येऊ लागतो. पूर्वी तो ख्रिस्ती कुटुंबांकडून यायचा. आता सगळ्यांकडून येतो, कारण इंग्रजी शाळांच्या वाटेने सांताक्लॉज जालन्यातल्या घराघरात पोहोचला आहे. "डॉक्टर, भाच्याची गाडी आहे. चांगली आहे, पण वापरलेली आहे. पोरीला नाताळला दिली तर काही होणार नाही ना?" हे विचारताना आईबापांचा आवाज थोडा खाली येतो. शेजारच्या पेशंटला ऐकू जाऊ नये असा.

जंतूंबद्दल मी नंतर सांगतोच. आधी त्या खाली आलेल्या आवाजाबद्दल बोलू.

आपल्याकडे जन्मलेल्या बाळाला कोरं कापड पहिल्यांदा घालत नाहीत. आजीच्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याची दुपटी आणि लंगोट करतात. वैद्यकीयदृष्ट्याही ते बरोबर आहे, नव्या कापडातली खळ आणि रंग नाजूक त्वचेला बोचतात. गोधडी जुन्या साड्यांची. पाळणा तर एका घरातून दुसऱ्या घरात फिरत राहतो, आणि 'या पाळण्यात तुझा मामा झोपला होता' हे कौतुकाने सांगितलं जातं. या कशालाच कुणी 'सेकंडहँड' म्हटलं नाही. मग खेळण्याचीच लाज का वाटावी?

जालन्यात नाताळ काही टीव्हीवरून आलेला सण नाही. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल वसवलं, तेव्हापासून पिढ्यानपिढ्या इथली मराठी ख्रिस्ती कुटुंबं नाताळ करत आली आहेत. त्यांच्या घरी करंज्या होतात, गाणी म्हणत मंडळी रात्री घरोघर फिरतात. चकचकीत कागदात बांधलेलं महागडं खेळणं ही त्यातली अलीकडची भर आहे. स्टीलच्या कारखान्यात रोजंदारीवर जाणाऱ्या बापाने त्यासाठी उधारी करावी, हे मला डॉक्टर म्हणूनही पटत नाही. त्याच घरात मुलाचं हिमोग्लोबिन कमी असतं आणि लोहाची बाटली अर्ध्यावर बंद झालेली असते.

मुलाच्या बाजूने पाहिलं तर चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलाला नवं-जुनं कळत नाही. त्याला कळतं ते हातातलं खेळणं चालतं का, आणि कुणी आपल्याबरोबर खेळायला बसतं का. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ३६ लहान मुलांवर एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांना एकदा ४ खेळणी देऊन खेळू दिलं आणि एकदा १६ देऊन. चारच असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ रमली आणि त्याच खेळण्याशी जास्त तऱ्हांनी खेळली. त्याच वर्षाच्या शेवटी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलं की लहान मुलांच्या वाढीसाठी ठोकळे, बाहुली, चेंडू, भातुकली अशी साधी खेळणी उत्तम, दिवे लागणारी आणि गाणी म्हणणारी नव्हेत. आणि नेमकी हीच साधी खेळणी चांगल्या अवस्थेत एका मुलाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. बॅटरीवरची दोन महिन्यांत बंद पडतात.

तेव्हा माझं उत्तर आहे, द्या. पण देण्याआधी दहा मिनिटं ते खेळणं उजेडात घेऊन बसा. जुनेपणा हा दोष नाही, पण जुन्या वस्तूत काही दोष हमखास सापडतात आणि त्यातले दोन-तीन मुलाच्या जिवावर बेतू शकतात.

सगळ्यात आधी बॅटरीचा कप्पा बघा. रिमोट, गाणारी बाहुली, चमकणारा भोवरा, यांत शर्टाच्या बटणासारखी चपटी गोल बॅटरी असते. नव्या खेळण्यात तिच्यावरचं झाकण स्क्रूने बसवलेलं असतं. जुन्यात तो स्क्रू हरवलेला असतो आणि वर चिकटपट्टी लावलेली असते. ही बॅटरी मुलाने गिळली आणि अन्ननलिकेत अडकली, तर ओल्या भागाला टेकून तिच्यातून वीज वाहू लागते, तिथे तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांत अन्ननलिका गंभीर भाजू शकते. 'संपलेल्या' बॅटरीतही एवढं करायला पुरेशी वीज उरलेली असते. मुलाने गिळताना कुणी पाहिलेलं नसतं. ते अचानक लाळ गाळतं, खायला नको म्हणतं, खोकतं, आणि घरचे घसा बसला म्हणून काढा देतात.

अशी नुसती शंका आली तरी उलटी करायला लावू नका, सकाळची वाट पाहू नका. एक्स-रे लगेच काढा आणि बॅटरीची शंका आहे हे स्पष्ट सांगा, कारण एक्स-रेवर ती नाण्यासारखी दिसू शकते. मूल एक वर्षाहून मोठं असेल, गिळता येत असेल आणि बॅटरी गेल्याला १२ तास झाले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध देता येतो, जास्तीत जास्त सहा वेळा. त्याने भाजणं थोडं मंदावतं. मात्र मध शोधण्यासाठी पाच मिनिटंही घालवू नका. बॅटरी दुर्बिणीने काढावी लागते. लहान मुलांसाठी ती सोय जवळ नसेल तर जालन्याहून संभाजीनगर साठेक किलोमीटर आहे, आणि मंठा-परतूरकडून निघालात तर आणखी लांब. दोन तासांचा हिशोब त्यातच बसवायचा आहे. म्हणून झाकण सैल असलेलं बॅटरीचं खेळणं कुणालाच देऊ नका. बॅटरी काढून देता आलं तर द्या, गाडी हाताने ढकलूनही पळते. छोट्या चकचकीत लोहचुंबकाच्या गोळ्यांचे संचही नकोत. दोन गोळ्या पोटात गेल्या तर आतड्याच्या दोन पदरांतून एकमेकींना ओढून मधे भोक पाडतात.

दुसरी गोष्ट रंग. शिसं, म्हणजे लेड, मुलांच्या मेंदूला घातक आहे आणि त्याचं सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही. गिळलेलं शिसं मोठ्यांच्या चार-पाच पट मुलांच्या शरीरात शोषलं जातं. घरगुती रंगात शिसं दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं ते १ जानेवारी २०२१ पासून. त्याआधीचं खेळणं वाईटच असेल असं नाही, पण त्याची हमी कुणी दिलेली नाही. (नोंदणीकृत हस्तकला कारागिरांच्या खेळण्यांना या सक्तीतून सूट आहे, त्यामुळे हाताने केलेल्या लाकडी बैलगाडीवर चिन्ह नाही म्हणून घाबरू नका.) इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाचे अँड्र्यू टर्नर यांनी घरांतली, पाळणाघरांतली आणि जुन्या वस्तूंच्या दुकानांतली सुमारे २०० प्लास्टिकची खेळणी तपासली, तेव्हा शिसं आणि कॅडमियमसारखे घटक मुख्यतः लाल, पिवळ्या आणि काळ्या प्लास्टिकमध्ये सापडले. मी रुग्णांना सोपी खूण सांगतो. रंगाचे पापुद्रे निघत असतील, नखाने खरवडल्यावर भुगा पडत असेल किंवा प्लास्टिक ठिसूळ झालं असेल, तर सगळं तोंडात घालणाऱ्या मुलाला ते देऊ नका. आणि घरातल्या जुन्या डब्यातला ऑइलपेंट लावून ते 'नवं' करू नका. कारखान्यातून आणलेला उरलेला रंग तर नकोच, वर सांगितलेला नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरता आहे.

आता वॉकर. आपल्याकडे सर्वांत जास्त हातोहात फिरणारी वस्तू हीच, आणि ती मी जुनीही मागत नाही आणि नवीही. बाळ त्यात बसून पायरीवरून कोसळतं, चुलीपर्यंत पोहोचतं, गरम चहा ओढून घेतं. त्याने चालणं लवकर येतं हा समज चुकीचा आहे, उलट उशीर होऊ शकतो. कॅनडाने २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली आणि वापरलेला वॉकर विकणंही त्यात धरलं. त्याऐवजी माळ्यावर पांगुळगाडा पडला असेल तर तो काढा. बाळ त्याच्या मागे स्वतःच्या पायावर उभं राहून ढकलतं. त्याची चाकं आणि खिळे घट्ट करा, कुसळं पॉलिशपेपरने घासा. पांगुळगाड्यासारखी नाताळची भेट दुसरी नाही, असं माझं मत आहे.

जंतूंची भीती लोकांना सर्वांत जास्त वाटते आणि तीच सर्वांत सहज जाते. कडक प्लास्टिक साबणाच्या पाण्याने धुवा आणि आपल्या उन्हात वाळवा. कापडी बाहुली किंवा टेडी पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवा. खरजेचा किडा माणसाच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवसांहून जास्त टिकत नाही. मग गरम पाण्यात धुऊन आतपर्यंत वाळू द्या. मुलाला दमा असेल तर मोठा केसाळ टेडी टाळा, त्यात धुळीतले किडे राहतात. टबात खेळायचं भोक असलेलं रबरी बदक आतून काळं पडतं, ते टाकून द्या. चघळायचं टीदर मात्र ज्याचं त्याचंच असावं. आणि तीन वर्षांखालच्या मुलाला टिश्यू पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळीतून आरपार जाईल असा सुटा भाग असलेलं काहीही नको.

आता थोडं कडू बोलतो. नाताळच्या सुमारास वसतिगृहांना, अंगणवाड्यांना खेळणी वाटायची पद्धत पडली आहे. चांगलं आहे. पण त्या पोत्यांतून काय निघतं ते मी पाहिलं आहे. एका हाताची बाहुली, निम्मे तुकडे हरवलेलं कोडं, गंजलेली तीनचाकी. भंगारवाल्याने जे घेतलं नसतं ते आपण गरिबाच्या मुलाला 'भेट' म्हणून देतो आणि वर फोटोही काढतो. गंजलेल्या पत्र्याने कापलेला हात घेऊन ते मूल धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी शेवटी आमच्याकडेच येतं. माझी कसोटी एवढीच आहे, हे खेळणं मी माझ्या नातवंडाच्या हातात देईन का? नसेन देणार तर ते कचऱ्यात जाऊ द्या. पुण्याच्या अरविंद गुप्तांनी काड्यापेटीच्या काड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि कागद यांतून मुलांना विज्ञान शिकवणारी खेळणी केली, त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. टाकाऊ वस्तूतून खेळणं करता येतं. मोडकं खेळणं कुणाच्या तरी गळ्यात मारणं ही वेगळी गोष्ट झाली. (त्या काड्या आणि ट्यूबचे तुकडे मात्र मोठ्या मुलांसाठीच.)

सात-आठ वर्षांच्या पुढच्या मुलांना खेळणं जुनं आहे हे कळतं. त्यांच्याशी खोटं बोलू नका, सांताने दुकानातून आणलं असं सांगू नका. "ही सायकल तुझ्या आतेभावाची. त्याचे पाय आता लांब झाले. आपण दोघं मिळून ब्रेक बसवू," असं सांगा. ब्रेक खरोखर तपासा, हँडलच्या टोकाला रबर आहे का बघा, सीटवर बसून मुलाचे पाय जमिनीला टेकतात का पाहा. आणि हेल्मेट मात्र नवंच घ्या. एकदा आपटलेल्या हेल्मेटच्या आतला थर्माकोल बाहेरून न दिसता तडकलेला असू शकतो.