ग्रहणामागे धावणारे आणि दार लावून बसणारे

ग्रहणात भांड्यावर ठेवायचे तुळशीपत्र आपल्या घरांतून कधीच गेले. पण सून गरोदर असली की त्या दिवशी तिला अजूनही आत बसवतात. विळी-सुरी हातात घेऊ नकोस, झोपू नकोस, ग्रहण सुटेपर्यंत पाण्याचा घोटही घेऊ नकोस. कारण विचारले तर उत्तर एकच: "विषाची परीक्षा कशाला?"

ती परीक्षा झाली आहे. एकदा नाही, अनेकदा झाली आहे, आणि ज्या सामानाने झाली त्यातले निम्मे आपल्या वस्तीतल्या दुकानात मिळते.

२१ ऑगस्ट २०१७ रोजी चंद्राची सावली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ऑरेगॉन राज्यात उतरली आणि सुमारे दीड तासात पूर्वेला साउथ कॅरोलिनातून समुद्रावर निघून गेली. खग्रास ग्रहण दिसण्याचा पट्टा जेमतेम ११० किलोमीटर रुंद होता. त्या पट्ट्यात मोंटाना स्टेट विद्यापीठाच्या पुढाकाराने विद्यार्थ्यांच्या पन्नासहून अधिक पथकांनी फुगे सोडले. ८ एप्रिल २०२४ च्या ग्रहणात पुन्हा सोडले. असे फुगे स्वतःच्या हिंमतीवर सोडणारे हौशी लोकही तिकडे पुष्कळ आहेत.

फुगा हवामान खाते वापरते तसला, रबराचा. त्यात हेलियम वायू भरतात. खाली एक छोटी हवाई छत्री आणि तिच्याखाली थर्माकोलचा डबा. डब्यात छोटा कॅमेरा, तापमान मोजणारे यंत्र आणि ठावठिकाणा कळवणारे यंत्र. हे शेवटचे यंत्र बघून घ्यावे लागते, कारण साधी जीपीएस यंत्रे १८ किलोमीटरच्या वर गेली की बंद पडतात. फुगा सेकंदाला पाचेक मीटर चढतो. म्हणून ग्रहणाच्या सुमारे दीड तास आधी तो सोडायचा, म्हणजे सावली येते तेव्हा फुगा तीसेक किलोमीटरवर पोचलेला असतो. वर हवा विरळ होत जाते तसा तो फुगत फुगत खोलीएवढा होतो आणि शेवटी फुटतो. डबा छत्रीला लटकत कुठल्या तरी शेतात उतरतो, आणि मग पोरे तो शोधत फिरतात.

कॅमेऱ्याने काय पाहिले? वर काळे आकाश, पृथ्वीची वाकलेली कड आणि खाली ढगांवरून सरकणारा एक मोठा काळा डाग. बस्स. त्या डागाखाली गावे होती, शेते होती, दवाखाने होते, आणि त्या दवाखान्यांत बाळंत होणाऱ्या बायकाही असणारच. डाग आला आणि गेला. ऊन अडल्यामुळे हवा जरा गार झाली. ग्रहणात सूर्याकडून नवे काहीच येत नाही, उलट रोज येते त्यातलेच कमी येते. छत्री उघडल्यावर अंगावर पडते ती सावली आणि ही सावली, दोन्ही एकाच जातीच्या. (जात हा शब्द इथे तरी निरुपद्रवी आहे.)

फुग्याची ही कल्पना आजची नाही. आवर्तसारणी मांडणारे रशियन शास्त्रज्ञ मेंडेलीव्ह यांनी ऑगस्ट १८८७ मध्ये मॉस्कोजवळच्या क्लिन गावातून ग्रहण बघायला फुग्यातून उड्डाण केले. पावसाने फुगा भिजून जड झाला होता, दोघांना उचलेना. तेव्हा फुगा चालवणारा अधिकारी खाली उतरला आणि ५३ वर्षांचे मेंडेलीव्ह एकटेच वर गेले. फुगा चालवण्याचा अनुभव शून्य. ढगांच्या वर जाऊन त्यांनी सूर्याभोवतीचे तेजोवलय पाहिले आणि सुखरूप खाली आले.

फुगा नसेल त्याला सायकल आहे. सावली ताशी दोन-अडीच हजार किलोमीटर वेगाने पळते, तेव्हा तिला गाठणे कोणालाच जमणार नाही. तिच्या वाटेवर आधी जाऊन उभे राहायचे असते. अडचण असते ती ढगांची. सायकलवाला दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर सहज तोडतो, म्हणजे पट्ट्यातल्या पट्ट्यात ढगाळ गाव सोडून निरभ्र गाव गाठू शकतो. २०१७ चे ग्रहण सुटल्यावर अमेरिकेतले रस्ते परतणाऱ्या मोटारींनी तासन् तास तुंबले होते. अशा वेळी कडेने निघून जाणारी सायकल शहाणी. शिवाय पोटऱ्यांना आणि फुप्फुसांना व्यायाम होतो तो वेगळाच. आरोग्याच्या पानावर एवढे तरी म्हटलेच पाहिजे.

आता घरातल्या सुनेकडे येतो. पोटातल्या बाळाचे ओठ आणि टाळू पहिल्या दोन-अडीच महिन्यांतच जुळून येतात. सातव्या महिन्यात आईने ग्रहणात भाजी चिरली म्हणून आधीच जुळलेला ओठ परत फाटत नाही. ओठ फाटण्यामागे आनुवंशिकता असते, आईची तंबाखू-बिडी असू शकते, काही औषधे असू शकतात. म्हणून जपायचे तर तंबाखू सोडावी आणि फॉलिक ॲसिडची गोळी सुरुवातीपासून घ्यावी. तरीही बाळ तसे जन्मले तर आईला बोल लावू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून त्याची शस्त्रक्रिया मोफत होते, आशाताईंना विचारावे. पण गरोदर बाईला तीन-चार तास उपाशी, तहानलेली आणि एका जागी जखडून ठेवणे हा मात्र खरा त्रास आहे. पत्र्याच्या तापलेल्या खोलीत तर तिला घेरीच यायची. मधुमेह असेल तर धोका आणखी वाढतो. तिने जेवावे, पाणी प्यावे, गोळ्या वेळेवर घ्याव्यात, झोप आली तर झोपावे.

आपल्या लोकांचे ग्रहणाशी नाते तर आणखी वाईट होते. "दे दान, सुटे गिऱ्हाण" अशी आरोळी देत महार-मांगांनी दारोदार फिरायचे आणि सूर्याची पीडा म्हणून टाकलेले जुनेर आणि धान्य पदरात घ्यायचे. उष्ट्या-शिळ्यावर जगणे सोडा, असे बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला सांगितले. ती झोळी आपण टाकली. मग ज्या भीतीपोटी ती झोळी भरली जायची, ती भीती आपल्या सुनेच्या माथी का मारावी?

ग्रहणात खरा धोका एकच, आणि तो डोळ्यांना. सूर्य अर्धा झाकला की डोळे दिपत नाहीत, म्हणून माणूस टक लावून बघतो. उरलेली कोर डोळ्याचा पडदा भाजते. पडद्याला वेदना कळत नाही, त्यामुळे भाजताना काहीच समजत नाही. काही तासांनी नजरेच्या मध्यभागी डाग दिसू लागतो, आणि त्यावर खात्रीचा इलाज नाही. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, गॉगल, बादलीतले पाणी यांपैकी काहीही चालत नाही. खास ग्रहणाचे चष्मे मिळतात, त्यांवर आयएसओ १२३१२-२ असे लिहिलेले असते. नाहीतर वेल्डिंगची १४ नंबरची काच चालते, त्याहून कमी नंबरची नाही. चष्म्यावर ओरखडा असेल तर तो फेकून द्यावा.

मुलांना फुगा सोडायची हौस आली तर कौतुक करावे, पण गॅस घरी बनवू देऊ नये. कॉस्टिक सोडा आणि ॲल्युमिनियम टाकून जत्रेतले काही फुगेवाले हायड्रोजन तयार करतात, ते सिलिंडर फुटून माणसे मरतात. आपल्याकडे एवढ्या उंचीवर फुगा सोडायला विमान वाहतूक खात्याची परवानगीही लागते. हे काम कॉलेजातल्या शिक्षकांना धरूनच करावे.

वस्तीत मात्र फुग्याशिवायही ग्रहण दिसते. पत्र्याला खिळ्याचे भोक असते, त्यातून जमिनीवर उन्हाचा गोल कवडसा पडतो. ग्रहण लागले की तोच कवडसा कोरीसारखा होतो. जे घर दार लावून बसते त्याच्याही चुलीजवळ, भाताच्या पातेल्यावर ग्रहण असे येऊन पडलेले असते.

२ ऑगस्ट २०२७, सोमवार. त्या दिवशी इजिप्तमध्ये लक्सरजवळ सहा मिनिटांहून जास्त वेळ खग्रास ग्रहण दिसेल. मुंबई आणि पश्चिम किनाऱ्यावर दुपार कलताना सूर्याचा थोडासा भाग झाकलेला दिसेल, अर्थात श्रावणाच्या तोंडावरच्या ढगांनी दिसू दिला तर. कोरा पुठ्ठा, टाचणी आणि पाठीमागे सूर्य ठेवून उभे राहायला विहाराचे अंगण, एवढे पुरे. चष्मे आणायचे तर वर्गणी आतापासून काढावी, ऐनवेळी बाजारात नकली माल येतो. आणि त्या दिवशी जी गरोदर असेल तिला खुर्ची टाकून पुढच्या रांगेत बसवावे, हातात चहाचा कप देऊन.